कालव्यावरच्या बिऱ्हाडाविषयी

ब्रॉन्स्टन, नॉर्दॅम्प्टनशायर
१२ ऑगस्ट २०२०

चि. बाळ,

तुझे पत्र पावले. सहा जणांत एकच स्वयंपाकघर असलेल्या आणि कोणास साधा खोकला आला तरी सर्वांच्या जिवाचा थरकाप उडविणाऱ्या बर्मिंगहॅमच्या त्या सामाईक घरात कोरोनाच्या साथीमुळे मार्चपासून कोंडून पडलेल्या तरुणाच्या मनात, एखादी जुनी नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची चिंचोळी नाव, विकत घेऊन मनुष्यवस्तीपासून दूर पाण्यावर जाऊन राहावे, असा विचार यावा हे मला अगदी स्वाभाविक वाटते. आम्ही उभयता इथल्या कालव्यांवर राहतो म्हणून तू माझा अभिप्राय मागितलास, तो सविस्तर देते. मात्र तुझ्या एका गृहीतकाशी माझा मतभेद आहे, तो प्रथमच नोंदवते. नौकेवर गेले म्हणजे माणसांची गरज संपते असे तू धरून चालला आहेस, आणि मला तर शेजाऱ्यावाचून आपला एक आठवडाही निभत नाही हे या उन्हाळ्यात जितके उमगले तितके जमिनीवरच्या घरात कधी उमगले नव्हते.

प्रथम मापाची गोष्ट. नॅरोबोटीची रुंदी सात फुटांहून किंचित कमी असते, कारण जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने अठराव्या शतकात मिडलंड्समधील कालव्यांची आखणी करताना बहुतेक लॉक, म्हणजे नावेला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे पाण्याचे कप्पे, अवघे सात फूट रुंद ठेविले, आणि १७७२ मध्ये तो निवर्तल्यानंतरही त्याच मापाच्या नावा बांधल्या जात राहिल्या. म्हणजे सरकारने नेमून दिलेले दोन मीटरांचे अंतर आमच्या सबंध घराच्या रुंदीएवढे आहे. शिवाय आमच्या खिडक्या ज्या टोपाथवर उघडतात ती, पूर्वी नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी राखलेली काठाची पायवाट, कित्येक ठिकाणी तितकीही रुंद नाही. यंदाचा मे महिना ब्रिटनच्या नोंदींतील सर्वांत लख्ख उन्हाचा ठरला. घरात कंटाळलेली गावेच्या गावे त्या वाटेवर चालावयास आणि सायकली पिटाळावयास लोटली, आणि धापा टाकीत जाणारा मनुष्य आमच्या उघड्या खिडकीपासून हातभर अंतरावरून जाऊ लागला.

त्याहून महत्त्वाची बाब रोजच्या सरबराईची. गावातल्या घरात पाणी नळाने येते, मैला नळाने जातो, आणि घरधन्याला त्या दोहोंचा हिशेब ठेवावा लागत नाही. इथे पुढच्या टोकाखालील टाकीत जेवढे भरून घेतले तेवढेच पाणी आपले, आणि शौचाची पेटी भरली की ती स्वतःच्या हातांनी उचलून, एल्सन म्हणून जी नेमून दिलेली जागा असते तिथे नेऊन, रिकामी करून धुवावयाची. पाण्याचा नळ काही मैलांच्या टप्प्यावर एखादा, आणि तोही सार्वजनिक. लॉक ओलांडावयाचा म्हणजे विंडलास नावाच्या लोखंडी दांड्याने झडपा उचलाव्या, दोन्हीकडचे पाणी समपातळीस आले की दरवाज्याच्या लाकडी तुळईला पाठ लावून ती नेटाने रेटावी. त्या तुळईवर दिवसभर किती अनोळखी हात टेकलेले असतात याची मोजदाद कोण ठेवणार? कोळसा, डिझेल आणि गॅसच्या टाक्या घेऊन फिरणाऱ्या व्यापारी नावा टाळेबंदीतही चालू राहिल्या, म्हणून आमची चूल चालू राहिली. हे सारे पाहता या काठावर आपोआप एक दस्तूर पडून गेला: नळाला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर साबणाने हात धुवावे, लॉकवर आपले काम आटोपताच मागे सरून दुसऱ्यास वाट द्यावी, आणि ज्या वृद्धांना घराबाहेर न पडण्याची ताकीद होती त्यांच्या टाक्या शेजाऱ्यांनी भराव्या. आमच्या मागे बांधलेल्या नावेतील आजीबाईंचे पाणी जून संपेपर्यंत ह्यांनी भरले, आणि त्यांची औषधे पलीकडच्या नावेतला एक तरुण सायकलवरून आणून छतावर ठेवून जाई. असे करणे ज्याला जाचक वाटेल त्याने नौका घेऊ नये, हे मी तुला निक्षून सांगते.

साथ आणि कालवा यांचा संबंध जुना आहे. १८७७ साली पार्लमेंटने कॅनॉल बोट्स ॲक्ट संमत केला, त्यामागे कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ यांची चळवळ होती. नावेवरच्या जेमतेम दहा फूट लांबीच्या कोठडीत आईबाप आणि मुले अशी सारी राहत, त्यांच्या दैन्याकडे स्मिथ यांनी देशाचे लक्ष वेधले. त्या कायद्याने नौकांची नोंदणी झाली, एका कोठडीत किती माणसे राहावी याला मर्यादा पडली, आणि संसर्गजन्य रोगाचा संशय आल्यास नौका अडकवून ठेवण्याचा अधिकार स्थानिक अंमलदारांस मिळाला. इथल्या टेकडीवर ऑल सेंट्स चर्चच्या आवारात अशा कित्येक नावाड्यांच्या कबरी आहेत. संध्याकाळी फिरावयास जाते तेव्हा मी तिथे थांबते, आणि हे राहणे आपण आवडीने पत्करले, त्यांच्या वाट्याला ते पोटासाठी आले, ही गोष्ट मनातून जात नाही. साध्या जीवनाची जी स्तुती तू दोन पाने लिहिली आहेस, ती करताना त्यांची आठवण ठेव.

कायद्याची बाजूही ऐकून ठेव. कायमची जागा भाड्याने न घेता जो नौकेचा परवाना काढतो त्याला १९९५ च्या कायद्यान्वये एका ठिकाणी सामान्यतः चौदा दिवसांहून अधिक मुक्काम करता येत नाही. मार्चमध्ये कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टने ही अट स्थगित करून नौका विनाकारण हलवू नयेत असे बजावले, पण ती सवलत साथीपुरती. तिच्यावर आयुष्याचा बेत आखू नये. दर पंधरवड्यास पुढे सरकणारे घर आणि ठरल्या वेळी भरणारे तुझे वर्ग यांचा मेळ कसा घालणार, डॉक्टरकडे आणि व्हिसाच्या कागदांवर कोणता पत्ता देणार, याची तजवीज पैसे मोजण्याआधी कर.

उकाड्याविषयी दोन शब्द लिहिते, कारण आज तोच सर्वांत मोठा विषय आहे. गेले सहा दिवस दक्षिण इंग्लंडात पारा ३४ अंशांच्या वर चढतो आहे. इथेही दुपारी पोलादी छताला हात लावता येत नाही. झाडाखाली नाव बांधली तर आत गारवा मिळतो, पण छतावरील सौरपट्ट्यांना ऊन मिळत नाही, बॅटऱ्या उतरतात आणि फ्रिज बंद पडतो. उन्हात बांधली तर दूध टिकते आणि माणसे भाजतात. इंजिन चालवून बॅटऱ्या भराव्या म्हटले तर रात्री आठ ते सकाळी आठ ते बंद ठेवण्याचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे, कारण बाजूच्या नावेत कोणाचे तरी मूल झोपलेले असते. आम्ही सावली पत्करली, फ्रिज बंद केला, आणि दूध रोज गावातून आणतो.

पुढच्या रविवारी रग्बीपर्यंत रेल्वेने ये. ह्यांना तुझी गाडी कळव, म्हणजे तिथून पुढची व्यवस्था ते करतील. आत तिघांना अंतर राखता येणार नाही, तेव्हा जेवण काठावरच करू. येताना जाड हातमोजे आण. पाणी भरणे, पेटी धुणे आणि ब्रॉन्स्टनचे सहा लॉक चढविणे ही कामे तुला दिवसभर करावयास लावणार आहे, आणि आजीबाईंची टाकीही तुझ्याकडेच देईन. इतके करून संध्याकाळीही तुझी इच्छा कायम असेल तर ज्या दोन नावांच्या जाहिराती तू पाठविल्यास त्यांचे तळ तपासून घेण्याचा खर्च माझ्याकडे लागला.

तुझी
मावशी