विजयदुर्गच्या बंदरात

सन १९७९ च्या मे महिन्यात मी मालवणहून रत्नागिरीस निघालो होतो. मंगळुरी कौले घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या एका शिडाच्या गलबतावर मला जागा मिळाली होती. पावसाळा तोंडावर आला होता. अशा दिवसांत समुद्राचा भरवसा नसतो.

देवगड मागे पडल्यावर वारा मंदावला आणि मग दक्षिणेकडून झोत येऊ लागले. नैऋत्येस काळे ढग जमले. तांडेलाने आकाशाकडे निरखून पाहिले व गलबत विजयदुर्गच्या खाडीत नेण्यास सांगितले. रत्नागिरीस माझ्या चुलतबहिणीचे लग्न होते. मी म्हणालो, “तांडेलमामा, अजून उजेड आहे. तसेच पुढे जाऊ या ना!”

ते शांतपणे म्हणाले, “अरे बाळा, रत्नागिरी उद्याही जागच्या जागी असेल. आपण असलो पाहिजे.”

वाघोटन नदीच्या मुखाशी हे बंदर आहे. कोकणातील कित्येक खाड्यांच्या तोंडाशी वाळू साठते व ओहोटीस नावा अडतात. येथे ती अडचण नाही. दक्षिण तीरावरील खडकाळ भूशिरावर किल्ला उभा आहे. तटबंदी उजव्या हातास ठेवून आम्ही वळसा घेतला, आणि पाहता पाहता लाटा मागे राहिल्या.

एका खलाशाने दोरीस बांधलेले शिसे सोडून पाण्याची खोली मोजली. नांगर टाकल्यावर तांडेलांनी खोलीच्या कितीतरी पट दोर सोडला. मी कारण विचारले. ते म्हणाले, “नुसत्या वजनाने नांगर नाव धरीत नाही. दोर लांब व तिरका राहिला, म्हणजे त्याचे फाळ चिखलात रुततात. दोर आखूड असला, तर नांगर उचलला जातो.”

रात्री वादळ झाले. किल्ल्याच्या आडोशाला आमचे गलबत नुसते डुलत होते; परंतु जवळच्या एका मचव्याचा नांगर सुटला व तो खडकांकडे सरकू लागला. हाक ऐकताच आमचे दोन खलाशी जादा नांगर होडीत घालून तिकडे गेले. मचवा वाचला. ती माणसे कोणत्या गावची, हे कोणी विचारले नाही.

पहाटे किल्ल्याकडे पाहताना मला इतिहास आठवला. सन १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे आरमार येथे चालून आले. तुळाजी आंग्रे व नानासाहेब पेशवे यांच्यात वैर होते, आणि पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. आंग्र्यांच्या एका जहाजास लागलेली आग इतर जहाजांवर पसरली व आरमार जळून गेले. ज्या बंदराने असंख्य वादळांत नावा राखल्या, त्याला घरातील कलहापुढे आपले आरमार राखता आले नाही. आडोसा निसर्ग देतो. त्याचे चीज करणे माणसांच्या हाती असते.

मचव्यावरील मंडळींनी नांगर परत आणून दिला. सोबत दोन नारळ दिले. मतलई वाऱ्यावर शीड भरले आणि आम्ही खाडीबाहेर पडलो. मी रत्नागिरीस पोहोचलो, तेव्हा लग्न आटोपले होते; पण मला त्याची खंत वाटली नाही.

स्वाध्याय

१. विजयदुर्गचे बंदर सुरक्षित का आहे?
२. नांगराचा दोर लांब का सोडतात?
३. १७५६ मधील घटना व मचव्याची घटना यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.