निरोप, पण कोणाचा?

मराठीत आपण या विकारांना गुप्तरोग म्हणतो. या नावात रोगापेक्षा लाजेचाच उल्लेख अधिक आहे. आज आपण ज्याला उपदंश म्हणतो त्याला सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथाने ‘फिरंग’ रोग म्हटले आणि त्याचे मूळ परक्यांच्या पदरात टाकले. दोष दुसऱ्याचा आणि झाकपाक आपली, ही रीत जगात सर्वत्रच आढळते.

उपदंशाची पहिली खूण म्हणजे एक न दुखणारा व्रण. संसर्गानंतर तो साधारणपणे तीन आठवड्यांनी उमटतो आणि औषधावाचूनही भरून येतो. जंतू मात्र शरीरात राहतात. परमा झालेल्या अनेक स्त्रियांना तर काहीच जाणवत नाही. म्हणून केवळ समोर आलेल्या रुग्णावर उपचार करून भागत नाही. ज्याला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नाही त्याला कोणीतरी सांगावे लागते. नाहीतर बरा झालेला रुग्ण त्याच व्यक्तीकडून पुन्हा बाधित होतो. गर्भवती स्त्रीला उपदंश असल्यास तिचे मूल मृत जन्मण्याचाही धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली 15 ते 49 या वयोगटात चार बऱ्या होणाऱ्या लैंगिक संसर्गांची 37 कोटी 40 लाख नवी प्रकरणे घडली.

हे सांगण्याचे काम पूर्वी सरकारी माणसे करीत. युद्धकाळात, 1942 मध्ये, ब्रिटनने असा नियम केला की दोन निरनिराळ्या रुग्णांनी एकाच व्यक्तीचे नाव सांगितले तर त्या व्यक्तीवर तपासणी व उपचारांची सक्ती करता यावी. नियम कागदावर स्त्री-पुरुष दोघांसाठी होता. नावे मात्र बहुतेक स्त्रियांचीच आली.

पुढे अडचण वेगळीच उभी राहिली. 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे उपदंशाची एक साथ इंटरनेटवरील एका गप्पागृहाशी जोडलेली आढळली. तेथे भेटलेल्या पुरुषांना एकमेकांची टोपणनावेच तेवढी ठाऊक होती. याच शहरात 2004 साली ‘इनस्पॉट’ ही सेवा सुरू झाली. तिच्याद्वारे रुग्ण आपल्या जोडीदाराला तपासणी करून घेण्याविषयीचे पत्र संगणकावरून, वाटल्यास निनावीही, धाडू शकत असे. आजची मोबाइलवरील साधने हीच कल्पना पुढे नेतात.

निनावी निरोपाची कल्पना सोपी वाटते, पण ती पार पाडणे सोपे नाही. निरोप पाठवणारा आपल्या जोडीदाराचा क्रमांक यंत्रणेच्या हवाली करतो. तो क्रमांक साठवला गेला तर कोणाचा कोणाशी संबंध आला याची वहीच तयार होते. क्रमांक थेट न ठेवता गणिती प्रक्रियेने त्याचा ठसा काढून ठेवू, असे काही तंत्रज्ञ सुचवतात. हा दिलासा फसवा आहे. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असतात आणि 6 ते 9 या अंकांनी सुरू होतात. म्हणजे शक्यता फार तर 400 कोटी. संगणक त्या सर्व तपासून मूळ क्रमांक अल्पावधीत शोधू शकतो. निरोप पोहोचताच क्रमांक पुसून टाकावा, हे उत्तम. जे साठवलेच नाही ते चोरीलाही जात नाही.

दुसरी भीती खोडसाळपणाची. सूड म्हणून कोणीही कोणालाही असा निरोप धाडू शकेल. त्यावर उपाय असा की, निदान झाल्यावर दवाखान्याने रुग्णाला नाव नसलेला, मोजक्या वेळाच चालणारा एक संकेतांक द्यावा आणि त्यावाचून निरोप जाऊच नये. निरोपाची भाषाही जपून ठरवावी लागते. आपल्याकडे एकच फोन घरातील चौघे हाताळतात. पडद्यावर रोगाचे नाव झळकले तर ते सर्वांनी वाचले असे समजावे. उलट मजकूर फारच मोघम ठेवला तर वाचणारा त्याला लबाडी समजून पुसून टाकील.

तरीही एक प्रसंग असा आहे की जेथे कोणतेही तंत्र पुरे पडत नाही. ज्या स्त्रीचा संबंध केवळ आपल्या पतीशीच आला आहे तिला आलेला निनावी निरोप निनावी नसतोच. आणि पत्नीने पतीला तसा निरोप धाडला, तर तो कोणी पाठवला असावा हा प्रश्न घरात उठणारच. हा धोका एच.आय.व्ही.च्या बाबतीत आपल्या कायद्याने ओळखला आहे. 2017 चा, 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आलेला अधिनियम जोडीदाराला सांगण्याचा अधिकार केवळ डॉक्टर व समुपदेशक यांना देतो. तोही रुग्णाला आधी समजावून, स्वतः सांगण्याची संधी देऊन आणि आपण सांगणार आहोत याची कल्पना देऊन मगच वापरायचा असतो. रुग्ण स्त्री असेल आणि त्यातून हिंसा किंवा परित्याग ओढवण्याची रास्त भीती असेल, तर तिच्या जोडीदाराला सांगू नये असेही तो म्हणतो.

अशा स्त्रीपुढे बसलेला समुपदेशक विचारू शकतो, ‘बाई, घरी सांगितलेत तर तुम्हाला मारहाण होईल का?’ मोबाइलवरील साधनात बहुधा ‘पाठवा’ एवढीच कळ असते.