स्वयंचलित स्क्रिप्टांचा बंदोबस्त

अमरावतीचे मुख्य कार्यालय आणि अकोल्याची शाखा असा पसारा असलेल्या एका संस्थेच्या नेटवर्कची देखरेख काही काळ माझ्याकडे होती. तेव्हा पाहिलेला एक प्रकार, वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावीही कचेऱ्या, महाविद्यालये आणि पतसंस्था स्विचच्या भरवशावर चालू लागल्या असताना, ही यंत्रे सांभाळणाऱ्या तरुण मंडळींपुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते.

सिस्कोच्या अनेक स्विचमध्ये ‘एम्बेडेड इव्हेंट मॅनेजर’ नावाची सोय असते. लॉगमध्ये ठरावीक संदेश उमटला, ठरावीक वेळ झाली किंवा कोणी विशिष्ट कमांड दिली, की आधी लिहून ठेवलेले हुकूम स्विच स्वतःच अमलात आणतो. अकोल्याच्या स्विचवर पूर्वीच्या कोणा कंत्राटदाराने अशीच एक स्क्रिप्ट तैनात केली होती: अमरावतीची लाइन तुटल्याचा संदेश आला, की त्या लाइनचा पोर्ट बंद करावा, किंचित थांबावे आणि तो पुन्हा सुरू करावा. हेतू स्तुत्य होता; परंतु ज्या दिवसांत अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो त्या दिवसांत, कोंदट खोलीतला मीडिया कन्व्हर्टर तापून लाइन क्षणभर तुटे व आपोआप जुळे, आणि स्क्रिप्ट मात्र जुळलेल्या लाइनचा पोर्ट बंद करी; त्यामुळे लाइन तुटल्याचा तोच संदेश पुन्हा उमटे, आणि त्या संदेशासरशी स्क्रिप्ट पुन्हा कामाला लागे. भर दुपारी शाखेचे काम ठप्प होई आणि ठपका मात्र लाइन पुरवणाऱ्यांवर येई.

‘शो इव्हेंट मॅनेजर हिस्टरी इव्हेंट्स’ ही कमांड देताच एकाच स्क्रिप्टच्या नावाने पडदा भरून गेला, तेव्हा खरे कारण उघड झाले. तरीही दोन्ही गावांच्या लॉगचा मेळ बसेना, कारण एनटीपीची जोडणी केलेली नव्हती आणि वीज जाऊन आली, की त्या जुन्या कॅटॅलिस्ट स्विचचे घड्याळ 1 मार्च 1993 पासून चालू लागे.

म्हणून पहिली सूचना अशी, की घड्याळ एनटीपीला बांधावे आणि लॉग स्विचवरच न ठेवता वेगळ्या सिसलॉग सर्व्हरकडे रवाना करावेत. ज्या नोंदीची वेळ विश्वसनीय नाही, तिच्यावरून तपास होऊ शकत नाही. दुसरी, स्क्रिप्टच्या कृतीतून तिला जागवणारा संदेश पुन्हा उत्पन्न होतो की काय, हे आधी ताडून पाहावे आणि ‘रेटलिमिट’ लावून दोन धावांमध्ये सक्तीचे अंतर ठेवावे. तिसरी, मुदतीचे भान ठेवावे: ‘मॅक्सरन’ न सांगितल्यास स्क्रिप्टला 20 सेकंदच मिळतात, आणि पोर्ट बंद केल्यावर ती त्याहून अधिक थांबणार असेल, तर उघडण्याचा हुकूम येण्यापूर्वीच तिचा शेवट होऊन पोर्ट बंदच राहतो, तो पोर्टच जर तुमचा दूरचा मार्ग असेल, तर अमरावतीहून अकोला गाठण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. जागल करणाऱ्या गड्याला काय राखायचे एवढेच सांगून भागत नाही, कोणाला हाक मारायची हेही सांगावे लागते. तद्वत प्रत्येक स्क्रिप्टने आपल्या प्रत्येक धावेची वर्दी सिसलॉगमध्ये दिलीच पाहिजे. तिला स्वतंत्र युजर द्यावा, म्हणजे माणसाने काय केले आणि स्क्रिप्टने काय केले याची सरमिसळ होणार नाही. तिचा कर्ता, हेतू व तारीख दप्तरी नोंदवावी. आणि दरमहा ‘शो इव्हेंट मॅनेजर पॉलिसी रजिस्टर्ड’ देऊन ती यादी दप्तराशी पडताळावी. अनर्थ ओढवलाच, तर ‘इव्हेंट मॅनेजर शेड्युलर सस्पेंड’ या एका हुकमाने सर्व स्क्रिप्टा थांबतात, हे रात्रपाळीवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ असावे.

अकोल्याचा खरा दोष उष्णतेचा होता. कन्व्हर्टर हवेशीर जागी हलवताच लाइन स्थिर झाली आणि स्क्रिप्टची गरजच उरली नाही. पोर्टची उघडझाप हा उपाय नव्हता, दोषावरचे पांघरूण होते. तेव्हा माझी कळकळीची विनंती एवढीच, की ज्या स्क्रिप्टचा मालक, मुदत आणि थांबवण्याची रीत आज तुम्हांला सांगता येत नाही, ती आजच स्विचवरून उतरवा.