रस्ता अपघात : नशीब नव्हे, आरोग्याचा प्रश्न

मलेरिया, सिकलसेल, कुपोषण यांना आपण आजार मानतो. रस्त्यावर माणूस गेला की मात्र 'नशीब' म्हणून गप्प बसतो. अपघातालाही कारणे असतात आणि कारण सापडले की उपायही करता येतो.

एटापल्ली तालुक्यातील सूरजागड खाणीचे लोहखनिज भरलेले ट्रक एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या मार्गाने जात आले आहेत. त्याच रस्त्याने मुले सायकलवर शाळेत जातात, बाया बाजाराला जातात आणि रुग्ण अहेरी-गडचिरोलीच्या दवाखान्यात जातात.

रस्ता एक, खाती अनेक

जादा वजन तपासणे आरटीओचे काम. वेग आणि दारू पोलिसांकडे. खड्डे, वळणे, फलक बांधकाम किंवा महामार्ग विभागाकडे. रुंदीकरणात वनजमीन आली की वनविभागाची परवानगी लागते. जखमीला वाचवणे आरोग्य विभागाकडे. एकाच वळणावरचे जखमी डॉक्टर पुन्हा पुन्हा पाहतात, पण ते वळण दुरुस्त करणाऱ्या अभियंत्याला त्याची खबर नसेल, तर उपचार होतात आणि कारण तसेच राहते.

या सर्वांनी एकत्र बसावे म्हणून मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर भागात ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, तर तो 'ब्लॅक स्पॉट' ठरतो आणि तेथे दुरुस्ती अपेक्षित असते.

इथेच आपली चूक होते. चार पैसे घेऊन अपघात जागेवरच मिटवला की त्याची नोंद होत नाही. नोंद नाही म्हणजे सरकारी हिशेबात तो अपघात झालाच नाही. पुढचा बळीही त्याच वळणावर जातो.

आपण काय करावे?

१. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ लावा. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चे संरक्षण आहे, भिऊ नका.

२. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. मानेला किंवा पाठीला मार असेल तर जखमीला ओढू नका.

३. पोलिसांत नोंद कराच. २०२५ च्या केंद्रीय योजनेत जखमीला ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळू शकतात. तेथेही रुग्णालय आणि पोलीस यांचा मेळ लागतो.

४. विहारातील बैठकीत गावाजवळच्या धोक्याच्या जागांची यादी करा : ठिकाण, तारीख, वेळ, काय घडले. ग्रामसभेचा ठराव जोडून ती जिल्हाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या आणि समितीच्या पुढच्या बैठकीत काय ठरले ते लेखी विचारा.

५. दुचाकीवर पुढच्याने आणि मागच्याने, दोघांनीही हेल्मेट घाला.

खाती आपणहून एकत्र येतीलच असे नाही. आपली लेखी नोंद त्यांना एका टेबलावर आणू शकते.