सॅमनच्या गळाचे सामान: हंगामाप्रमाणे निवड

स्कॉटलंडमध्ये सॅमनचा हंगाम लांबलचक असतो. टे नदीवर तो १५ जानेवारीला सुरू होतो. ट्वीडवर १ फेब्रुवारीपासून ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. या काळात पाणी गोठण्याच्या बेतापासून वीस अंश सेल्सिअसपर्यंत जाते, म्हणून एकच काठी आणि एकच दोरी सगळ्या हंगामाला पुरत नाही. नवखा माणूस हलका, देखणा संच घेऊन फेब्रुवारीच्या भरल्या नदीत उतरतो आणि दिवसभर वाऱ्याशी झगडून रिकाम्या हाताने परततो. सामान ठरवताना दिनदर्शिकेपेक्षा पाण्यात बुडवलेला थर्मामीटर अधिक भरवशाचा.

नदीत शिरलेला सॅमन खाणे जवळजवळ सोडून देतो. त्यामुळे भूक चाळवण्याचा प्रश्न नसतो. पिसे आणि केस बांधून केलेली फ्लाय त्याच्यासमोरून योग्य खोलीवर, योग्य वेगाने जावी लागते.

पाणी नऊ-दहा अंशांच्या खाली असेपर्यंत मासा सुस्त असतो आणि तळ सोडत नाही. तेव्हा बुडणारी दोरी, पितळी नळीवर बांधलेली दीड-दोन इंची फ्लाय आणि हे ओझे फेकू शकणारी पंधरा फुटी, दोन्ही हातांनी धरायची काठी लागते. काळ्या, पिवळ्या, केशरी केसांची ‘विली गन’ या कामात नावाजलेली आहे. दोरीच्या टोकाचा नायलॉनचा लीडर इथे आखूड, चार-पाच फुटांचाच ठेवावा. तो लांब असला की दोरी खाली जाते आणि फ्लाय वरच राहते. अनेकांचा वसंत ऋतू याच कारणाने वाया जातो. वाऱ्याने भरकटलेली पितळी नळी चेहऱ्यावर आदळू शकते, म्हणून चष्मा आणि टोपी हीसुद्धा सामानातच मोजावी.

पाणी दहा अंशांच्या वर स्थिरावले की मासा पृष्ठभागाकडे येऊ लागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आर्थर वुड यांनी डी नदीवरच्या केर्नटन इथे रेशमी दोरीला चरबी लावून ती तरंगती ठेवण्याची रीत रुजवली. आज दोऱ्या मुळातच तरंगत्या मिळतात. बारा-तेरा फुटी काठी आणि आठ ते बारा नंबरच्या गळावरची बारीक फ्लाय पुरते. नंबर वाढतो तसा गळ लहान होत जातो. नदी आटून पाणी नितळ झाले की लीडर बारीक करण्याचा मोह होतो. तो आवरावा. नाजूक लीडरवर मासा फार वेळ खेळवावा लागतो, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी असल्याने दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. पाणी वीस अंशांजवळ गेले तर काठी गुंडाळून घरी जाणे हेच योग्य.

शरद ऋतूत पाणी पुन्हा थंडावते. केवळ टोक बुडणारी दोरी आणि केशरी छटेची ‘अ‍ॅलीज श्रिम्प’ तेव्हा चालते. लीडर मात्र दणकट हवा, कारण या काळात मोठे मासेही नदीत येतात. जॉर्जिना बॅलंटाइन यांनी टे नदीत ६४ पौंडांचा विक्रमी सॅमन पकडला तो १९२२ च्या ऑक्टोबरमध्येच.

स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलपूर्वी सापडलेला प्रत्येक सॅमन परत सोडण्याचे कायदेशीर बंधन आहे, आणि अनेक नद्यांवर ते हंगामभर लागू असते. सॅमनची संख्या घटत चालली असताना हे बंधन मनापासून पाळले पाहिजे. त्यासाठी उलटा काटा नसलेला गळ आणि गाठी नसलेली मऊ जाळी घ्यावी. मासा जाळीतच, पाण्याखाली ठेवून गळ काढावा.

स्पेसारख्या वेगवान नदीत उतरताना फुगणारे जीवरक्षक जाकीट आणि टेकायला काठी हवीच. परदेशी नदीत वापरलेले बूट, जाळी आणि दोरी निर्जंतुक करून पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या नदीत नेऊ नये. नॉर्वेत गायरोडॅक्टिलस नावाच्या सूक्ष्म परजीवीने कित्येक नद्यांतला सॅमन जवळजवळ संपवला, आणि तो ओल्या सामानावरूनही पसरू शकतो.