टाकीत बर्फ टाकू की पंखा लावू?

प्रश्न : मे महिन्यात दुपारी आमच्या टाकीतले गोल्डफिश वर येऊन सारखी तोंडं उघडमीट करतात. मी बर्फाचे खडे टाकते. पुण्याच्या जाऊबाई म्हणतात, पंखा लाव, पाणी गार होतं. त्यांच्याकडे होतं, आमच्याकडे होत नाही. असं का? – एक वाचक, हिंदमाता, दादर

उत्तर : हिंदमाताला तुंबणाऱ्या पाण्याबद्दल लोक एरवी जुलैत विचारतात, तुम्ही मे महिन्यातच विचारलंत!

आधी मासे वर का येतात ते पाहू. त्यांना चटका बसत नसतो, दम लागलेला असतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यातून पाणी तापलं की माशाची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच मागणी चढते. गोल्डफिश मुळात थंड पाण्यातला, त्यामुळे तो आधी हैराण होतो.

आता पंखा. वारा पाण्याला गार करत नाही. वाऱ्याने पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. माठाचंही तेच तत्त्व. पुण्याची उन्हाळी दुपार कोरडी, त्यामुळे तिथे वाफ भराभर होते. आपल्याकडची हवा आधीच दमट, तिला आणखी ओलावा नको असतो. म्हणून मुंबईत माठातलं पाणी पुण्याइतकं गार होत नाही, आणि पंख्याने टाकीही एक-दोन अंशच उतरते. तेवढंही पुष्कळ असतं, पण टाकीचं झाकण उघडं हवं. बंद झाकणावर पंखा फिरवून उपयोग नाही. मासे उडी मारतील ही भीती असेल तर वर जाळी ठेवा.

बर्फ मात्र थांबवा. ६० लिटरच्या टाकीत एक किलो बर्फ टाकला तर पाणी जेमतेम दोन अंश उतरतं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा चढतं. उलट पंख्याने एक लिटर पाण्याची वाफ झाली तर पाच किलो बर्फाएवढी उष्णता जाते. शिवाय बर्फामुळे होणारा चढउतार माशांना सततच्या उकाड्यापेक्षा जाचक होतो.

एअर पंपाचे बुडबुडे प्राणवायू देतात, हा समज अर्धाच खरा. बुडबुड्यांनी पृष्ठभाग हलतो आणि तिथून हवा पाण्यात मिसळते. म्हणून फिल्टरची धार वरच्या बाजूला ठेवा. टाकीतला दिवा दुपारी बंद करा आणि खाणं निम्मं करा, कारण उरलेलं अन्न कुजताना प्राणवायू खातं. आटलेलं पाणी भरून काढा, पण दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं नको. सकाळी भरून, क्लोरीन घालवून ठेवलेलं वापरा.

एवढं करूनही मासे वर येत असतील, तर टाकीत गर्दी झाली आहे असं समजा आणि काही मासे दुसऱ्या टाकीत हलवा. पुढच्या वेळी मासे घ्याल तेव्हा गप्पी किंवा मॉली घ्या. वातानुकूलन नसलेल्या मुंबईच्या खोलीत गोल्डफिशपेक्षा तेच बरे.