बर्फाची तयारी सुरतेत



दर वर्षी उत्तरायण जवळ आले की माझ्या टेबलावर रजेचे अर्ज जमू लागतात. पूर्वी कारणे ठरलेली असत. गावी लग्न, नंदुरबारला काकांकडे वास्तुशांत, जळगावची आजी आजारी. आता एक नवे कारण वाढले आहे. 'बर्फ पाहण्यासाठी मनालीस जात आहोत, मुलांना स्कीइंग शिकवायचे आहे, तरी सहा दिवसांची रजा मंजूर व्हावी.' खाली वडिलांची सही असते आणि तिकिटे बहुधा आधीच काढलेली असतात.

ही रजा मागावी लागते याला कारण आपले शालेय वेळापत्रक आहे. आपल्या मोठ्या सुट्ट्या दोन, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. दिवाळीत सोलंगच्या उतारावर गवत असते. मे महिन्यात बर्फ उरतो तो फक्त खूप उंचावर. स्की शिकण्यासारखा बर्फ साधारण जानेवारी-फेब्रुवारीत मिळतो, आणि तेव्हा आपली शाळा भरात असते. त्यातही खात्री नाही. जानेवारी २०२४ च्या पूर्वार्धात गुलमर्गचे मैदान कोरडे होते, आणि २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवावे की बर्फ नसलाच तर आपण डोंगर, नदी आणि सफरचंदाच्या बागा पाहू.

मी स्वतः माझ्या धाकट्या भावाच्या मुलांबरोबर दोनदा गेले आहे. पहिली सहल मे महिन्यातली. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता आणि मुलगी पाच. मनालीला संध्याकाळी पोचलो आणि सहलवाल्याने दुसऱ्याच दिवशी पहाटे रोहतांगला नेले. सुरत समुद्रसपाटीपासून पंधरा मीटरसुद्धा उंच नाही. मनाली सुमारे २,००० मीटर, रोहतांग ३,९७८ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या जरा वर असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. वाटेत धाकटी दोनदा ओकली. आम्ही म्हटले, वळणाचा रस्ता आहे, गाडी लागली असेल. वर पोचल्यावर तिने बर्फाकडे पाहिलेसुद्धा नाही, वहिनीच्या मांडीवर डोके ठेवून पडून राहिली. पाच वर्षांची मुलगी, समोर आयुष्यातला पहिला बर्फ, आणि तिला तो नको होता. मी शिक्षिका असून मला शंका आली नाही. मी तिला म्हटले, "अगं ऊठ, एवढ्या लांब आलो ना!" शेवटी गाडीचा ड्रायव्हर भावाला म्हणाला, "साहब, बच्ची को नीचे ले चलो, अभी." खाली उतरू लागलो, आणि तासाभरात तिने बिस्किट मागितले.

ही गोष्ट मला सांगायला आवडत नाही, पण सांगते, कारण तीच चूक आपल्यापैकी कोणीही करील. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो. मोठा माणूस 'डोके दुखते' असे सांगतो. लहान मूल सांगत नाही. ते चिडचिड करते, जेवत नाही, ओकते, खेळत नाही, नको तेव्हा झोपते. अशा वेळी आणखी वर जायचे नाही. त्रास वाढत असेल, चालताना तोल जात असेल किंवा श्वास लागत असेल तर ताबडतोब खाली उतरायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. सहलीचे पैसे भरलेले असले तरी. गुलमर्ग मुळात २,६५० मीटरवर आहे आणि तिथल्या गंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या अंगावर जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो. लहान मुलांना पहिल्या दिवशी त्या टप्प्यावर नेऊ नये. गुलमर्गच्या मैदानातच नवशिक्यांना पुरेसा उतार आहे.

इथेच एक अगदी आपल्याकडची गोष्ट. दक्षिण गुजरातेत, तसेच नंदुरबार-धुळ्याकडच्या अनेक कुटुंबांत, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेल आढळतो. ज्याला हा आजार आहे त्याला उंचावरच्या विरळ हवेत आणि थंडीत असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. जो केवळ वाहक आहे, एरवी ठणठणीत आहे, त्यालाही क्वचित उंचावर प्लीहेला इजा होते. रक्ताची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी आणि तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. दमा असलेल्या मुलांचेही तसेच, कारण थंड कोरड्या हवेने दमा उसळतो. पंप सामानाच्या बॅगेत न ठेवता आईच्या पर्समध्ये ठेवावा.

दुसऱ्या सहलीला आम्ही तीन वर्षांनी, जानेवारीत, फक्त सोलंगला गेलो. सोलंग मनालीपासून १३-१४ किलोमीटरवर, उंची सुमारे २,५०० मीटर. पश्चिम एक्सप्रेसने अंबाल्यापर्यंत आणि पुढे बसने गेलो. मनालीत दीड दिवस काहीही केले नाही. बाजारात हिंडलो, पाणी भरपूर प्यायलो, लवकर झोपलो. मोठा कंटाळला, त्याला कंटाळू दिले.

आता कपडे. आपण कापडाच्या शहरात राहतो, आपल्या अनेक मुलांच्या घरचे कोणी ना कोणी मागावर, डाइंगमध्ये किंवा मार्केटमध्ये काम करते. तरी आपणच बर्फात मुलाला आतून सुती बनियन आणि खालून जीन्स घालून नेतो, कारण 'सुती चांगले' हे आपल्या मनात पक्के बसले आहे. सुरतेच्या उन्हात ते खरेच आहे. बर्फात उलटे होते. मूल दर पाच मिनिटांनी पडते, बर्फ कपड्यावर वितळतो, आतून घाम येतो. सूत हे पाणी पिऊन बसते आणि ओले कापड अंगातली उष्णता ओढत राहते. माझा भाऊ मागाच्या कारखान्यात आहे, त्याने मला हिशेब सांगितला: सामान्य हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. ज्या पॉलिएस्टरला आपण उन्हाळ्यात नावे ठेवतो, ते बर्फात अंगालगत घालायला उत्तम.

सहावी-सातवीच्या मुलांनी हा प्रयोग घरी करावा. एकाच मापाचे दोन तुकडे घ्या, एक सुती, एक पॉलिएस्टर. चिंध्यांना आपल्या शहरात तोटा नाही. दोन्ही भिजवा, सारखेच पिळा, एका दोरीवर सावलीत टांगा आणि कोणता कधी वाळतो ते घड्याळ लावून वहीत लिहा. मग एक ओला तुकडा हाताला गुंडाळून पंख्याखाली उभे राहा. बर्फावरचा वारा काय करतो हे सुरतेतच कळेल.

तर अंगालगत पॉलिएस्टर किंवा लोकरीचा पातळ थर, त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे काहीतरी. हे 'काहीतरी' महागडे जाकीटच पाहिजे असे नाही. आपल्याकडचा पावसाळ्यातला चांगला रेनकोट, पँटसह, एका मापाने मोठा घेतला तर स्वेटरवर घालून काम देतो. सोलंगच्या रस्त्यावर अंगभर सूट आणि गमबूट भाड्याने मिळतात, तेही चालतात, फक्त आतून ओलसर नाहीत ना हे हात घालून पाहावे. हातमोजे मात्र जलरोधक हवेत आणि दोन जोड हवेत. विणलेले लोकरी मोजे बर्फात दहा मिनिटांत भिजतात. पायात मोजे एकच जोड, लांब आणि जाडसर. दोन जोड घातले की बुटात सुरकुत्या पडतात, पाय आवळला जातो आणि जास्त गार पडतो. हे मला पटत नव्हते, मोठ्याच्या पायाला फोड आल्यावर पटले.

गॉगल ही चैन नाही. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून डोळे आणि हनुवटीची खालची बाजूसुद्धा भाजते. बोट, नाक किंवा कान पांढरे पडून बधिर झाले तर बर्फाने किंवा हाताने चोळू नये. आत न्यावे, कोमट पाण्याची किंवा काखेची ऊब द्यावी, आणि संवेदना लवकर परत आली नाही तर डॉक्टर गाठावा.

शरीराची तयारी महिनाभर आधी सुरू करावी. यासाठी व्यायामशाळा नको. लंगडी खेळा. एका पायावर तोल सांभाळणे हीच स्कीची अर्धी विद्या आहे, आणि आपला हा खेळ अंगणातून हळूहळू नाहीसा होत चालला आहे. उठाबशा काढा. (आपल्या शाळेत त्या शिक्षा म्हणून बंद आहेत, हौस म्हणून चालतील.) चाकांच्या स्केट्सवर हात बसला असेल त्याला फारच सोपे जाईल. लिफ्ट सोडून जिना वापरा, आईबाबांनीसुद्धा, कारण बर्फात मुलाला उचलून चढ चढायचा प्रसंग त्यांच्यावरच येतो.

स्की घसरते का, हा प्रश्न मला मोठ्याने विचारला होता. पट्टी बर्फावर घासली जाते, घर्षणाने उष्णता होते, बर्फाचा अगदी पातळ थर वितळतो आणि त्या पाण्यावरून पट्टी सरकते. थांबायचे कसे हे मात्र आधी शिकायचे. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची टोके लांब, घराच्या छपरासारखी. गुडघे किंचित वाकलेले, नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली. भ्यायलेले मूल मागे झुकते, आणि मागे झुकले की पट्ट्या पळत सुटतात. पडायचे वाटले तर कुशीवर पडायचे. हे सगळे घरात सतरंजीवर, पट्ट्या न लावता, रोज पाच मिनिटे करता येते. आमच्या धाकटीने छपराचा आकार स्वयंपाकघरातच शिकून घेतला होता.

भाड्याची साधने घेताना घाई करू नये. बुटात बोटे हलली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये. पट्टीची लांबी मुलाच्या छातीपासून हनुवटीपर्यंत असली तर बरी. बूट पट्टीला धरून ठेवणारी कळ जोरात पडल्यावर आपोआप सुटते. ती वजनानुसार लावतात, म्हणून मुलाचे खरे वजन सांगावे आणि कळ सुटते का ते समोर करून दाखवायला सांगावे. हेल्मेट नसेल तर मुलाला स्कीवर उभे करू नये. सोलंगच्या उतारावर गर्दी फार असते, घोडे, गाड्यांच्या ट्यूब, फोटोवाले सगळे एकाच जागी. सकाळी लवकर जावे आणि शिक्षक एक-दोन तासांसाठीच ठरवावा. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढे पुष्कळ होते.

मोठ्या विद्यार्थ्यांना गोडी लागली तर मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि गुलमर्गची १९६८ पासूनची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था येथे रीतसर अभ्यासक्रम असतात, त्यांची चौकशी करावी. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान. त्याच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान होते आणि तो चार वर्षांचा असताना त्याच उतारांवर शिकला. आपली मुले दोन दिवसांत तसे करतील ही अपेक्षा नको. आमचा मोठा दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस पावले सरळ घसरून स्वतः थांबला. धाकटी पहिल्या दिवशी पट्ट्या लावून दहा मिनिटे उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, बस झालं." या वेळी मी तिला ऊठ म्हटले नाही. तिने उरलेला वेळ बर्फाची भाकरी थापण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनेच पट्ट्या मागितल्या.

आता रजेविषयी. अर्ज जाण्याच्या तीन आठवडे आधी द्यावा, म्हणजे वर्गशिक्षिका अभ्यास नेमून देऊ शकतील. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी या दिवसांत रजा मागू नये. परत आलेल्या मुलाने सुरत, अंबाला, मनाली आणि सोलंग येथील सकाळी आठचे तापमान वहीत लिहून आणावे, विज्ञानाच्या तासाला ते फळ्यावर मांडू.

आमच्या मुलांना आखूड झालेले दोन रेनकोट, चार जोड हातमोजे, दोन गॉगल आणि एक हेल्मेट मी कार्यालयातल्या कपाटात ठेवले आहे. ज्यांना हवे त्यांनी रजिस्टरमध्ये सही करून न्यावे, धुऊन-वाळवून परत आणावे. ज्यांच्याकडे अशा वस्तू पडून असतील त्यांनी त्याच कपाटात भर घालावी.